खिसे उलटे करा

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या मोज्यांत डोकं घालून बसले होते. अलास्कातल्या नोम गावी, एका गोदामात, कपाळावर दिवा बांधून आणि हातात चिमटा घेऊन ते माझ्या लोकरी मोज्यांतली कुसळं उपटत होते. मी ॲन आर्बरच्या माझ्या युनिव्हर्सिटीतून विमानं बदलत, अर्धवट झोपत तिथे पोचले होते. पोटात अन्नाचा कण नव्हता. आणि हा साठी ओलांडलेला मराठी माणूस 'ये, बस, प्रवास कसा झाला' म्हणायच्या आधी मला विचारत होता, की हे मोजे घालून शेवटची कुठल्या गवतात गेली होतीस? मी म्हटलं, आठवत नाही. ते म्हणाले, मग मोजे इथेच राहतील. मोजे आईनं विणलेले आहेत हे सांगून झालं. त्याचा उपयोग असा झाला, की त्यांनी माझी टोपीही तपासायला मागून घेतली, कारण तीही आईनंच विणली असणार.

अशा माणसाबरोबर मला लागोपाठ तीन उन्हाळे एका झोपडीत काढायचे होते. म्हणायला स्टेशन, पण लाकडी झोपडीच ती. आमचं बेट बेरिंग समुद्रात, उत्तरेला, कुठल्याही गावापासून लांब. झाड औषधालाही नाही. हिवाळाभर बर्फ आणि वारा, उन्हाळ्यात धुकं, आणि त्या धुक्यात कड्याकड्यांवर मोजता येणार नाहीत इतके समुद्रपक्षी. त्यातला पफिन नावाचा, रंगीत चोचीचा गोल पक्षी जमिनीत बीळ करून अंडं घालतो. त्याला पाहायला उन्हाळ्यात छोटी पर्यटक जहाजं येतात. लोक रबरी बोटीतून किनाऱ्याला लागतात, दोरी बांधलेल्या वाटेनं चालतात, फोटो काढतात आणि परत जातात. लोक आले की पफिन पिल्लांना मासे भरवायला उशीर करतात का, हे पाहणं माझं काम. युनिव्हर्सिटीनं तीन उन्हाळ्यांचे पैसे दिले होते आणि माझा व्हिसाही त्यांनाच बांधलेला होता. थोडक्यात, जहाजं आली तर माझं काम, आणि काम झालं तर मी अमेरिकेत.

त्यांचं काम त्या जहाजांच्या मागे लागण्याचं. ते स्टेशनचे प्रमुख होते, तेही रिटायर झाल्यावर हौसेनं, बिनपगारी. मूळचे नागपूरचे. न्यू जर्सीतल्या एका औषधांच्या कारखान्यात त्यांनी जन्म काढला. तिथे डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेऊन आत जायचं, आणि एक केस जरी गोळ्यांत सापडला तरी सगळा माल फेकून द्यायचा. तो कारखाना सुटला, पण ती सवय त्यांनी या बेटावर आणली. बाहेरचं एक बी, एक उंदीर, चिखलाचा एक गोळा बेटावर आला तर सगळं खलास, असं ते म्हणत. त्यांच्या मिसेस न्यू जर्सीतच असत. उन्हाळाभर घर आपलं असतं म्हणून त्या या बेटाला दुवा देतात, असं त्यांनीच मला एकदा हसत सांगितलं होतं. मला त्या बाईंचं म्हणणं पहिल्याच आठवड्यात पटलं.

मी त्यांना काका म्हणायचे. त्याला त्यांची हरकत होती. काका म्हटलं की पोरं ऐकत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. मी म्हणतच राहिले आणि ऐकत नव्हते हेही खरं. पण न ऐकून सांगते कोणाला? झोपडीच्या दाराशी व्हॅक्यूम टांगलेला असे. आत येताना तो अंगावरून फिरवायचा, बाहेर जाताना पुन्हा फिरवायचा. चहाचा चोथा वाळवून पिशवीत भरायचा. मोरीचं पाणी पिंपात साठवायचं, ते पिंप सामान आणणाऱ्या बोटीनं परत पाठवायचं. अख्खी मोहरी, जिरे, धणे यांना झोपडीत बंदी, म्हणून आमच्या वरणाला कधी फोडणी मिळाली नाही. मी एकदा कपातला उरलेला चहा दारातून बाहेर फेकला. त्यावर ते दोन दिवस बोलले नाहीत, आणि नंतर दोन दिवस बोलतच राहिले. त्यातले पहिले दोन दिवस बरे गेले.

सकाळी मात्र ते निराळेच वाटायचे. उठल्यावर खिडकीपाशी उभे राहून हळू आवाजात वंदना म्हणायचे. मग ब्रश, बादली घेऊन पायरीवर बसायचे आणि बूट घासायचे. आधी स्वतःचे, मग माझे. माझे मी घासते म्हटलं की म्हणायचे, तू टाचेकडे लक्ष देत नाहीस. ते खरंच होतं, पण पहाटे पहाटे कुणी आपल्या टाचांबद्दल बोललेलं कोणाला आवडतं?

जहाज आलं की आम्ही दोघं बोटीनं त्याच्यावर जायचो. कोणीही उतरण्याआधी डेकवर सगळ्यांना रांगेत उभं करून ते मोठ्यांदा सांगायचे, "पॉकेट्स इनसाइड आउट, प्लीज." मराठी कोणी असेल तर, "खिसे उलटे करा." मग एकेकाचे खिसे, बॅगांच्या शिवणी, बुटांच्या खाचा. माणूस उतरत नाही, त्याचा खिसा उतरतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मोठमोठ्या कंपन्यांचे मालक त्यांच्यापुढे खिशांचे कान बाहेर काढून उभे राहिलेले मी पाहिले आहेत. बूट तर ते स्वतः गुडघ्यांवर बसून घासायचे. लोक संकोचायचे, आम्ही करतो म्हणायचे. ते म्हणायचे, तुम्ही टाचेकडे लक्ष देत नाही. तिकडे जहाजाचा कप्तान घड्याळाकडे बघून दात-ओठ खायचा, आणि त्याच्या शिव्या मला खाव्या लागायच्या, कारण यांच्याशी बोलायची त्याची हिंमत नव्हती.

तिसऱ्या उन्हाळ्यात, जुलैत, एका जहाजातून आपली मंडळी आली. काही क्युपर्टिनोची, काही कॅरीची, अमेरिकेच्या दोन टोकांहून आलेले जुने मित्र सहकुटुंब. डेकवर पाय ठेवताच मराठी कानावर पडली आणि मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. आमच्या प्रमुखांचा चेहरा मात्र कडक झाला. आपल्या लोकांचे खिसे मला ठाऊक आहेत, म्हणाले. आणि खरंच, काय काय निघालं त्या खिशांतून! ओवा, आवळासुपारी, राजगिऱ्याच्या लाडवाचा चुरा. एका जाकिटाच्या अस्तरात कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता. क्युपर्टिनोच्या एका गृहस्थांकडे बडीशेपेची डबी होती. ती ते देईनात. जेवणावर लागते यार, डायजेशनसाठी आहे, मी काय पेरणार आहे का, असं बरंच झालं. त्यांचा मुलगा मागून "डॅड, जस्ट गिव्ह इट टु हिम," म्हणत होता. शेवटी डबी गेली, आणि बूट घासून घ्यायला पाय पुढे करताना ते गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय हो हे तुमचं सोवळं! आमच्या आजीचंही इतकं कडक नव्हतं."

चारदोन लोक हसले. हे खाली गुडघ्यांवर बसलेले, त्या गृहस्थांचा बूट यांच्या हातात. त्यांनी ब्रश थांबवला, वर पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "सोवळं माणसाला दूर ठेवतं, साहेब. माझी आजी त्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहायची, म्हणून मला माहीत आहे. मी तर तुमचा पाय हातात घेऊन बसलोय. तुम्हाला नाही अडवत मी, तुमच्या बडीशेपेला अडवून राहिलो. दुसरा पाय द्या."

त्या गृहस्थांनी दुसरा पाय दिला. मला त्यांचा फार अभिमान वाटला. तो पुरती दोन मिनिटंही टिकला नाही, कारण पुढच्याच बाईंची पर्स त्यांनी अस्तर फाटलंय या कारणावरून बेटावर न्यायला मनाई केली आणि त्या बाई माझ्याशी भांडायला आल्या.

लोक बेट पाहून जहाजावर परतले तेव्हा कॅरीच्या एक काकू यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात स्टीलचा डबा. त्यांच्या मिस्टरांना डायबिटीस, म्हणून या बाई केबिनमध्ये ओल्या फडक्यात मेथ्या बांधून, हीटरजवळ टांगून, त्यांना मोड आणत होत्या. ध्रुवाकडे निघालेल्या जहाजात. त्या म्हणाल्या, सकाळपासून वाकून वाकून तुमची कंबर गेली असेल, आणि तुम्ही जेवलेले दिसत नाही, हे घेऊन जा. हे नको म्हणाले. नियम सांगू लागले. काकूंनी ऐकून घेतलं आणि डबा माझ्या हातात दिला. बेटासाठी नाही देत, तुमच्या घरासाठी देतेय, म्हणाल्या. स्टेशनच्या आत आमचं अन्न चालतंच, त्यामुळे नियमानंही काही बोलता येईना. यांनी डबा दोन पिशव्यांत बांधला आणि आम्ही झोपडीत आणला.

डब्यात थालीपीठं होती, आणि खालच्या कप्प्यात मोड आलेल्या मेथ्यांची कोशिंबीर. कच्चीच, वर लिंबू, तिखट, सुकं खोबरं. बंदी कोरड्या दाण्यांना होती, मोडांच्या कोशिंबिरीला नव्हती. फोडणीविना तीन उन्हाळे काढलेला तो माणूस बोटांनी जेवत होता आणि एक अक्षर बोलत नव्हता. मी त्यांना इतकं गप्प आणि इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. जेवण संपतंय तोच जहाजाचा भोंगा झाला. शेवटची बोट आमच्या किनाऱ्यावरच्या दोऱ्या सोडवायला आली होती आणि लगेच परत निघणार होती. डब्याच्या झाकणावर काकूंचं नाव कोरलेलं. डबा परत जायला हवा, आणि खरकटा कसा द्यायचा? मोरीचं पिंप काठोकाठ भरलेलं, ते बदलायला वेळ लागणार. बोटवाला खालून ओरडत होता. हे डबा घेऊन पायरीवर गेले, पावसाच्या पाण्यानं दोनदा खळखळून विसळला, सदऱ्याला पुसला, रिकामा जाऊ नये म्हणून आत चिमूटभर साखर टाकली आणि पळत किनारा गाठला.

मी दारात उभी राहून हे पाहिलं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसणार कसं? दुसऱ्याचा डबा विसळून द्यायचा असतो, रिकामा द्यायचा नसतो. ते लहानपणी एकदा अंगात मुरलं की पुन्हा त्याचा विचार करायची वेळ येत नाही. ज्या माणसानं माझ्या कपभर चहासाठी दोन दिवस अबोला धरला, त्याच्याही हातून ते आपसूक झालं.

ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यांनी मला झोपडीमागे बोलावलं. मला वाटलं, माझंच काहीतरी सापडलं. हीटरचं नळकांडं बाहेर येतं तिथे खडीत ऊब असते. पायरीवरचं पाणी उताराला लागून तिथवर जातं. त्या खडीत हिरवी पानं उभी होती, तीन तीन पानांचे छोटे झुपके. मी खाली बसून एक पान चुरगळलं आणि बोटं नाकाशी नेली. काय सांगू, तोंडाला पाणी सुटलं. दोन महिन्यांत हिरवं काही खाल्लं नव्हतं.

मी म्हटलं, काका, मेथी आहे. ते म्हणाले, माहीत आहे. मी म्हटलं, काढून टाकू या, नाहीतर खाऊन टाकू या. ते हसले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे आता काय करणार आहेत.

नियम असा होता, की बेटावर बाहेरचं झाड उगवलेलं दिसलं की कळवायचं. कळवलं की सगळं बेट तपासून होईपर्यंत एकही जहाज लागणार नाही. तपासणी होईतो उन्हाळा संपणार, आणि हा माझा शेवटचा उन्हाळा. पिल्लं बिळातून बाहेर यायचे नेमके हेच दिवस होते. हे सगळं मी त्यांना नीट सांगितलं, मग चिडून सांगितलं, मग जवळजवळ रडत सांगितलं. मेथीनं बेटाचं काय वाकडं होणार आहे? महिन्याभरात थंडीनं आपोआप मरेल. आपण आत्ता उपटू, खडी चाळून घेऊ, पिंपात भरू. ही मेथी आहे हे ओळखणारी या समुद्रात आपण दोघंच आहोत. साहेब लोकांना दाखवली तरी कळणार नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही, हे त्यांच्या बाबतीत नवलच.

"तुझं नुकसान होईल," ते म्हणाले. "दिसून राहिलं मला ते. माझंही होईल."

"मग कशाला, काका?"

"उद्या जहाज येईल. मी कोणत्या तोंडानं म्हणू, खिसे उलटे करा?"

एवढंच. यावर काय बोलणार? मी पुष्कळ बोलले. ते आत जाऊन सॅटेलाइट फोन घेऊन आले आणि माझ्यादेखत, ताठ उभे राहून, बेट सांभाळणाऱ्या खात्याच्या ऑफिसला फोन लावला. बी कुठून आलं, असं पलीकडून विचारलं असावं. स्टेशनप्रमुखाच्या जेवणातून, स्टेशनप्रमुखानं बाहेर भांडं विसळल्यामुळे, असं त्यांनी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं. काकूंचा डबा नाही, जहाज नाही, काही नाही. फोन ठेवल्यावर मी अक्षरशः ओरडले. पाहुण्यानं दिलेल्या अन्नातून आलं एवढं खरं तरी सांगायचं! तेवढ्यानं यांच्यावरचं अर्धं किटाळ उतरलं असतं, कदाचित त्यांची जागाही राहिली असती.

"तिनं जेवायला दिलं," ते म्हणाले. "सांडलं मी." मग खडीकडे बघत, "तिला कधी कळू देऊ नको. पुन्हा कुणाला डबा देताना हात आखडेल तिचा. शब्द दे."

मी त्या रागात शब्द दिला. रागात माणूस काहीही देतो.

मग सगळं नियमाप्रमाणे झालं. जहाजं लांबून भोंगा देऊन निघून जाऊ लागली. तपासणीला माणसं आली, गुडघ्यांवर रांगत त्यांनी बेट पालथं घातलं, आमच्या झोपडीमागची खडी पिशव्यांत भरून नेली. दुसरीकडे कुठेही काही मिळालं नाही. ती माणसं येताना हे किनाऱ्यावर ब्रश, बादली घेऊन उभे होते. तपासणीवाल्यांचेही बूट त्यांनी घासले, आणि टाचेबद्दल त्यांनाही बोलले. सप्टेंबरात आम्ही बेट सोडलं. पुढच्या वर्षी काकांना बोलावणं आलं नाही. आभाराचं एक फार सभ्य पत्र आलं म्हणे.

माझा तिसरा उन्हाळा अर्धाच राहिला. युनिव्हर्सिटीनं पैसे वाढवून दिले नाहीत. व्हिसाची घाई होती म्हणून मी मिळेल ती नोकरी धरली. आता कॅरीला राहते, औषधांच्या एका कंपनीत आकडेवारी बघते, रोज सकाळी गाडी काढून ऑफिसला जाते. पफिन दिसत नाहीत. पुष्कळ दिवस मी काकांचा फोन घेतला नाही. आता घेते. मिसेस मागून सांगत असतात की आता उन्हाळाभरही हे घरातच, हातात व्हॅक्यूम घेऊन, पाहुण्यांनी यायचं बंद केलंय. माझं म्हणणं आजही तेच आहे. मेथी त्या बेटावर टिकली नसती. माझं बरोबर होतं. हे मी त्यांना फोनवर सांगते, ते 'हो' म्हणतात, आणि त्या 'हो'चा मला जास्त राग येतो.

गेल्या गणपतीत मंडळाच्या जेवणाला मी वाढायला उभी होते, तर समोर ताट घेऊन त्याच काकू. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि रांग अडवून आजूबाजूच्या बायकांना सांगायला लागल्या, की अलास्कात एक मराठी गृहस्थ भेटले, काय त्यांचं ते वागणं, गुडघ्यांवर बसून सगळ्यांचे बूट घासले, आणि एवढ्या घाईत माझा डबा विसळून, साखर घालून परत पाठवला. हल्ली कोण करतं असं? मी मान खाली घालून वाटीत आमटी वाढत होते. आयुष्यात एकदाही खोटं न बोललेल्या त्या माणसानं मला कायमचं गप्प बसायला लावलं होतं.

मग काकू म्हणाल्या, की जहाजं पुन्हा सुरू झालीत, पुढच्या उन्हाळ्यात बहिणीला घेऊन परत जातोय, आणि या वेळी त्यांच्यासाठी मोठा डबा नेणार आहे, मेथ्यांचा, त्यांना आवडल्या होत्या ना?

नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार, आणि हो म्हणावं तर डबा बेटावर जाणार.

"ते आता तिथे नसतात, काकू," मी म्हटलं. "रिटायर झाले."

"अगंबाई. मग कुठे असतात?"

"घरी. न्यू जर्सीला."

"मग सोपंच आहे की," काकू म्हणाल्या. "पत्ता दे. घरीच पाठवते."

मी पत्ता दिला.